हारिबच्या मचव्यावरचं घरटं

७ जानेवारी. इद्दतीचा ८५वा दिवस.

जोडी आहे! एकटी नाही — जोडी!

काल संध्याकाळी मचव्यावर एक घार बसलेली दिसली तेव्हा वाटलं, दमून टेकली असेल. मासेमार घारी या बेटावर काय कमी आहेत! पण आज सकाळी वाळत घातलेली मुशी उलटायला गच्चीवर गेले तर दोघं. एकाच्या पायांत काटकी, स्वतःच्या अंगाहून लांब. मचव्याच्या मागच्या टपावर हारिबने जुनी जाळी गुंडाळून ठेवली आहेत, त्या ढिगावर त्याने ती ठेवली. तिने उचलली. इकडे ठेवून बघितली, तिकडे ठेवून बघितली. पसंत पडेना. शेवटी पुन्हा पहिल्याच जागी!

मी हसले. चक्क आवाज निघाला. मग पटकन कठड्याआड बसले.

मचवा हारिबने ऑक्टोबरच्या उधाणाला समोरच्या वाळूच्या बांधावर चढवला होता. तळ खरवडायचा, तेल पाजायचं, म्हणून. एक बाजू खरवडून झाली. तिसऱ्या दिवशी तो कहवा प्यायला घरी आला, उंबऱ्यात बसला, तो बसलाच. मचवा तेव्हापासून तिथेच. अर्धा स्वच्छ, अर्धा शेवाळलेला. घरापासून दोनशे पावलं. ओहोटीला गुडघाभर पाणी. आणि मी, त्याची बायको, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत उंबऱ्याच्या आत.

आज त्याची पेटी उघडली. पंच्याऐंशी दिवसांत पहिल्यांदा. दुर्बीण काढली. पट्ट्याला अजून माशाचा वास आहे.

९ जानेवारी. ८७वा.

नस्रा आली. रोजच येते. मोठी नणंद, त्यामुळे पहाराही तिचा आणि भाकरतुकडाही तिचाच.

"दिवसभर वर काय करतेस गं?"

"मुशी उलटते."

"दोन मुश्या. किती वेळा उलटशील? चक्कर येईल त्यांना."

दुर्बीण तिच्या हातात दिली. आधी उलटी धरली. मग सुलटी. मग बोलेनाच! शेवटी — "अगं बाई, कासवाची फासळी आणली मेल्याने! घराला तुळई घालतोय!"

कहवा तीनदा प्यायली. जाताना दारात थांबली आणि सांगून टाकलं. खलफानने सूर बंदरातल्या सुताराशी बोलणं केलंय. मचवा नेणार.

खलफान धाकटा दीर. आमच्याकडे माणूस गेला की त्याची बायको इद्दतीतून बाहेर येईपर्यंत त्याचा मचवा कुणी हलवत नाही. म्हणून तो थांबला आहे, नाहीतर केव्हाच नेला असता. मी बाहेर येणार १९ फेब्रुवारीला. नेमकी पौर्णिमा. त्या उधाणाला दोन इंजिनाच्या होड्या लावून ओढणार.

मला राग आला नाही. चुकीचं काय आहे त्यात? लाकूड कोरडं पडलं की फळ्या फाकतात. उन्हाळ्यापर्यंत ठेवला तर मचवा संपला. "दादा गेला, मचवा तरी चालू दे," असं म्हणाला म्हणे. मलाही तो चाललेला बघायचाय.

पण आता तिथे दोघं राहायला आलीत.

१३ जानेवारी. ९१वा.

आज काय काय आलं! हिरवी नायलॉनची दोरी. वाळलेलं समुद्रगवत, पेंढीभर. लहान मुलाची एक चप्पल. आणि दुपारी फाटका बनियन, पाण्यावर तरंगत होता तो. उचलला आणि पायांत धरून निशाणासारखा फडकवत घेऊन आला. पाण्यावर जे तरंगेल ते याचं!

नस्राने शाळेतल्या बाईंकडून पक्ष्यांचं पुस्तक आणून दिलं. अक्षरं बारीक आहेत. मी एक्केचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकले, बोट ठेवल्याशिवाय अजून जमत नाही. पण दोन पानं पुरी केली. मोठी दिसते ती मादी, छातीवर तपकिरी पट्टा तिचाच गडद. अंडी दोन ते चार, बहुतेक वेळा तीन. दोन-तीन दिवसांच्या अंतराने. अडतीस दिवस उबवतात. पिल्लं उडायला पुढे आणखी पन्नासेक दिवस.

बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. अगदी उद्या अंडं घातलं तरी एकोणीस फेब्रुवारीला ती अंड्यांवरच बसलेली असणार.

१८ जानेवारी. ९६वा.

तो मासा आणतो, पण आधी दूर खडकावर बसून मुंडकं खातो. उरलेलं धड तिला. ती ओरडते, शिव्या देते, आणि घेते.

हारिबचं उलटं होतं. मुंडकं नेहमी माझ्या ताटात. एकतीस वर्षं. त्याला मुंडकं आवडायचं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

खलफान अंगणात आला होता. इद्दतीतल्या भावजयीचं तोंड बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. जणू भिंतीलाच दम देतोय.

"वहिनी, लोक बोलतात. दुर्बीण घेऊन गच्चीवर उभी असते म्हणतात. बंदरावरचे पुरुष बघते म्हणतात."

मी दाराआडून म्हटलं, "भावजी, बंदरावर बघण्यासारखं कोण आहे ते एकदा सांगा. म्हणजे बघेन तरी."

भिंत हसली. खलफान मात्र हसला नाही असं दाखवत गेला.

२४ जानेवारी. १०२वा.

तिने शिकार सोडली. नुसती बसून ओरडते. नस्रा म्हणाली, "दिवस भरलेत तिचे. मीही अशीच ओरडायचे."

२७ जानेवारी. १०५वा.

अंडं!!

पहाटेची नमाज झाली, वर गेले. ती अगदी खाली दबून बसली होती, एरवी बसते तशी नाही. मी हललेच नाही. ऊन चढलं. मुशी तशीच. कहवा गार. साडेनऊच्या सुमाराला ती उठली, मान वाकवली, चोचीने काहीतरी हळूच फिरवलं. आणि मला दिसलं! माझी गच्ची उंच, टप खाली, तरी कणभरच. पांढुरकं, वर तांबडे डाग. दालचिनी सांडल्यासारखे.

मग तो आला. पाय कसे टाकत होता! एवढाल्या नख्या, त्या मुठीसारख्या मिटून घेतल्या आणि डुलत डुलत अंड्याजवळ गेला. ती उडाली अंग मोकळं करायला, हा बसला.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. आत्ता! लगेच! जिना उतरून अर्ध्यावर आले तेव्हा कळलं की मी "अहो" म्हणायला तोंड उघडलं होतं.

पायरीवर बसले थोडा वेळ. मग पुन्हा वर गेले.

अडतीस दिवस म्हणजे ६ मार्च.

३० जानेवारी. १०८वा.

दुसरं! नस्राने आधी बघितलं, म्हणून आज तिचा रुबाब विचारू नका. "तू वाचत बस पुस्तक. डोळे लागतात, डोळे!"

तिलाच खलफानकडे पाठवलं निरोप देऊन, की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थांब. मी बाहेर आले की रोज जाऊन मचव्यावर पाणी मारीन, लाकूड सुकू देणार नाही. तासाभरात तो स्वतःच अंगणात हजर. भिंतीकडे तोंड.

"दोन अंडी, वहिनी? दोन अंड्यांचं आमलेटही पुरत नाही घराला!"

"भावजी, आमलेट कोण मागतंय?"

"तू बादल्या ओतून मचवा ओला ठेवणार? चाळीस हाताचा मचवा? सुताराची जागा मला फेब्रुवारीअखेरपर्यंतच आहे. घरटं उचलून मी वाळूवर ठेवतो, अलगद. बसतील तिथे."

"नाही बसत. पुस्तकात आहे. टाकून जातात."

शेवटी म्हणाला, "दादाचा मचवा शिटेने पांढरा झालाय. मी रोज सकाळी समुद्रावर जातो. रोज तोच आधी दिसतो. मला बघवत नाही गं."



२ फेब्रुवारी. १११वा.

तीन! तीन! तीन!

खलफान बंदरावर जाळं साफ करत होता. कठड्यावर उभं राहून ओरडावंसं वाटलं — तीन, भावजी! पण इद्दतीतल्या बाईने आवाज चढवायचा नसतो. दात आवळून धरले. वहीत ओरडते. तीन!

६ फेब्रुवारी. ११५वा.

आज भलतंच झालं.

दुपारी वारा सुटला होता. तो समुद्रावर गेलेला. दोन डोंबकावळे आले. एक तिच्या समोर टपावर उतरून नाचायला लागला, जवळ यायचा, मागे सरायचा. ती चिडली, अंगावर धावून गेली. आणि दुसरा मागून! मागून घरट्याच्या काठावर!

मला आठवत नाही मी काय केलं. नस्रा सांगते ते असं: मी कहव्याचं पितळी भांडं घेतलं, खलबत्त्याचा दांडा घेतला, आणि ठणाठणा बडवत "हूश! हाड! मेल्यांनो!" असं ओरडले. तिच्या अंगणात ऐकू गेलं. मशिदीत ऐकू गेलं. बंदरावर माणसं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं घराला आग लागली.

कावळे उडाले. ती परत बसली. थोड्या वेळाने उठून अंडी फिरवली. मी मोजली. तीन.

नस्रा धापा टाकत आली. "बाई, इद्दत आहे की वरात?" मग भांडं बघितलं. पोचा पडलाय मोठा. आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो, इतक्या की तिचा बुरखा सुटला. मग तिला रडू आलं. तिचा तो भाऊ होता. हे मी कधी कधी विसरते.

११ फेब्रुवारी. १२०वा.

खलफानचा निरोप. भरतीचं कोष्टक बघून सांग, कुठल्या दिवसाची भरती सगळ्यात मोठी आणि किती वाजता. पौर्णिमेच्या आसपास हे त्याला कळतं, पण मचवा उंच बसलाय, दिवस नेमका हवा. चुकला तर पंधरा दिवस गेले, आणि सुताराची जागाही गेली.

कोष्टक माझ्याकडेच असतं. हारिबला वाचता येत नव्हतं, खलफानलाही येत नाही. मी वाचायला शिकले ती त्याच पानांवर, धड्याच्या पुस्तकावर नाही. रोज संध्याकाळी हारिब विचारायचा, "काय म्हणतोय समुद्र?" आणि मी वाचून दाखवायची.

पान उघडलं. १९, २०, २१, २२. सगळ्यात मोठी २१ची, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. २४ला पाणी पार उतरलेलं.

नुसता एक आकडा. २४ म्हणायचं. दोन होड्या येतील, दोर लावतील, मचवा हलणार नाही. कुणाला कळणार आहे?

निरोप दिला नाही अजून. नस्राला म्हटलं, डोळे दुखतायत, उद्या सांगते.

१२ फेब्रुवारी. १२१वा.

रात्री नीट झोप नाही. एकच आठवत राहिलं. एकदा मी वाचताना ओळ चुकले होते. एकदाच. हारिब वाळूत अडकला, अर्धा दिवस उन्हात बसला, मासे सगळे नासले. संध्याकाळी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "काय म्हणतोय समुद्र?" नेहमीसारखंच. दुसऱ्या कुणाला विचारून खात्री केली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

सकाळी सांगितलं. एकवीस तारीख. दहा वाजून दहा मिनिटं.

दुपारी अंगणातून आवाज. "नस्राला शंका होती, वहिनी, तू खरं सांगशील का. मला नव्हती."

वर गेले. दोघं होती, तो उबवत होता आणि ती मासा खात होती. बोय. मुंडकं नसलेली.

१६ फेब्रुवारी. १२५वा.

नस्राने नवे कपडे आणले. हिरवा झगा, हिरवी ओढणी. मला मेंदी हवी का विचारलं. नको म्हटलं. मग म्हटलं, थोडी.

समुद्रावर न्यायचं सगळं तिने ठरवलंय. संध्याकाळी, ओहोटीला. पुरुषांना तिकडे फिरकू देणार नाही. पाण्यात उतरून अंघोळ करायची, नवं नेसायचं आणि जुनं समुद्राला द्यायचं. दगड बांधून. एकदा सोडलं की त्याला कुणी शिवायचं नाही. सासूबाईंच्या वेळी एका बाईचा झगा दगड सुटून वर आला आणि कुणाच्या तरी जाळ्यात गेला, तर त्या माणसांनी जाळंच कापून सोडून दिलं. नवं कोरं जाळं! शोकाच्या कापडाला हात लावला तर ते आपल्या घरी येतं म्हणतात.

हे खरं की खोटं मला माहीत नाही. चार महिने मी ते अंगावर घालते आहे. मला ते फक्त कापड वाटतं. निळीत बुडवून बुडवून काळं केलेलं. मानेवर अजून रंग सोडतं.

पुस्तकात पाहिलं, घरटं हलवून पक्षी टिकल्याचं कुठे लिहिलंय का. तिसऱ्यांदा वाचलं. नाही.

१९ फेब्रुवारी. १२८वा. शेवटचा.

बाहेर पडले.

पायाला वाळू लागली. किती साधी गोष्ट! मी तिथेच उभी राहिले तर बायका मागून, "अगं चल, पाणी पळून जाईल!"

पाणी गार होतं. तीनदा डोकं बुडवलं. मीठ तोंडात गेलं. हिरवं नेसले. नस्राने झग्याला दगड बांधला आणि खोल पाण्यात सोडला, बुडाला. ओढणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हिला तू बांध." दगडही दिला.

आणि तेवढ्यात तो आला! डोक्यावरून! इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. पायांत मासा, मुंडकं पुढे करून धरलेला, अजून थरथरणारा. पंखांचा आवाज ऐकू आला. पोटाकडून किती पांढरा! मी वळले, बघतच राहिले, आणि हात सैल सुटला.

"रय्या! दगड!"

दगड माझ्या डाव्या हातात. ओढणी पाण्यावर.

सगळ्या बायका ओरडल्या आणि सगळ्या मागे सरल्या. मी पकडायला गेले तर नस्राने दंड धरला. "आता नाही. दिलीस ती दिलीस." ओढणी पसरली, थोडी फिरली, ओहोटीबरोबर चालू लागली. नस्रा घरापर्यंत बडबडत होती. "एकशे अठ्ठावीस दिवस नीट काढलेस, आणि शेवटच्या घटकेला घारीकडे बघत बसलीस! घारीकडे!"

घरी येऊन मस्कतला फोन केला. लेकीने, गालियाने, विचारलं, कसं वाटतंय आई? म्हटलं, माझ्या हातून एक चूक झाली. आणि त्याच्या पंखांचा आवाज ऐकला.

२० फेब्रुवारी

खलफानने दोर आणून बंदरावर ठेवले. दोन होड्या, सहा माणसं. उद्या दहा वाजता. आता तो भिंतीकडे तोंड करत नाही, पण माझ्याकडेही बघत नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं, "घरटं काढायचं तर तू काढू नकोस. मी येते. ती अंडी माझ्या हातांनी उचलीन." तो म्हणाला, "बरं."

ओढणी कुठे दिसत नाही. वारा दिवसभर किनाऱ्याकडे येत होता.

संध्याकाळी गच्चीवर बसले. आज दुर्बीण नेली नाही.

२१ फेब्रुवारी

साडेनऊला होड्या निघाल्या. दोर लावून झाले की एक मला न्यायला येणार होती. मी निघायच्या आधी दुर्बीण लावली, अंडी कुठून उचलायची ते बघायला. ती उभी राहिली आणि घरट्यात काहीतरी काळं दिसलं. काठावरून लोंबणारं, वाऱ्याने हलणारं. माझी ओढणी! त्याने आणून घातली, तिने पायांनी ओढून अंड्यांभोवती बसवली, आणि पुन्हा त्यावर बसली.

होड्या मचव्याला भिडल्या. मग थांबल्या. माणसं बोट दाखवायला लागली. एकाने हातातला दोर टाकून दिला, दोन्ही तळवे पाण्यात धुतले. खलफानने इंजिन बंद केलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली, पाणी मचव्याच्या तळाशी आलं, त्याला उचलायला लागलं, आणि कुणी हात लावला नाही. खलफान तसाच बसून राहिला. पाणी उतरायला लागेपर्यंत. मग मान वर करून त्याने गच्चीकडे बघितलं. हारिब गेला त्या दिवसापासून पहिल्यांदा.

"वहिनी! अंडी किती म्हणाली होतीस?"

मी कठड्यावर चढले.

"तीन!" ओरडले. "तीन, भावजी! तीन!"